सगळं आधीच ठरलेलं असेल तर जाब कुणाला विचारायचा? (कदरिया, मुतझिला, अशअरी)

वाटसरू

नमस्कार मंडळी. सध्या उमय्यद खिलाफतीचा इतिहास वाचतोय, साधारण इ.स. ६६१ ते ७५० चा काळ. लढाया, बंडं, गादीची भांडणं हे सगळं समजतंय पण मध्येच एक प्रकरण येतं तिथे गाडी अडते. 'कदर', म्हणजे अल्लाहने आधीच ठरवून ठेवलेलं, यावरून वाद. बसऱ्याच्या माबद अल-जुहनीला मारलं, दमास्कसच्या गैलानला तर हातपाय तोडून मारलं, आणि या दोघांचं, म्हणजे कदरिया म्हणतात त्या लोकांचं, म्हणणं काय, तर माणूस स्वतःच्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे. एवढ्यावरून जीव घ्यावा असं त्यात काय होतं?

कुराणाचं मराठी भाषांतर काढून बघितलं तर दोन्हीकडची वाक्यं सापडतात. सूरह कहफमध्ये ज्याला वाटेल त्याने मानावं, वाटेल त्याने नाकारावं असं आहे. सूरह इन्सानमध्ये आहे की अल्लाहने इच्छिल्याशिवाय तुम्ही काही इच्छूच शकत नाही. सूरह बकराच्या सुरुवातीला तर काही लोकांच्या हृदयावर अल्लाहनेच मोहोर लावली म्हटलंय. मोहोर त्याने लावली मग न मानल्याची शिक्षा त्या माणसाला का? आणि तरी निसामध्ये स्पष्ट लिहिलंय की अल्लाह कणभरसुद्धा अन्याय करत नाही.

मुतझिला नावाचे लोक म्हणे यातून मार्ग काढत होते, अल्लाह न्यायीच असला पाहिजे म्हणून, आणि तरी शेवटी अशअरी जिंकले. ते का, आणि अशअरींचं ते 'कस्ब' म्हणजे नेमकं काय, हे कुणी नीट सांगेल का? हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नाहीये, धर्म कुठलाही असला तरी हा प्रश्न आपल्याला सुटत नाही असं वाटतं.

बखरवाचक

वाटसरू, आधी राजकारण बघा, मग तत्त्वज्ञान कळेल. हा वाद मदरशात बसून कुणाला सुचला असं नाही, तो रक्तातून आला. ६५७ मध्ये सिफ्फीनला मुसलमानांच्याच दोन फौजा एकमेकांसमोर उभ्या राहिल्या, एकीकडे हजरत अली, दुसरीकडे मुआविया, आणि पैगंबरांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षंच झाली होती. दोन्हीकडे नमाज पढणारे. मग जो मारला तो कोण आणि ज्याने मारलं तो कोण? मोठं पाप केलेला मुसलमान मुसलमान राहतो का? खारिजी म्हणाले नाही, तो काफिर. मुर्जिआ म्हणाले निवाडा अल्लाहवर सोपवा, आपण कोण ठरवणार. वासिल इब्न अता म्हणाला दोन्ही नाही, तो मधल्या जागेवर आहे. कथा अशी सांगतात की हे बोलून तो बसऱ्याचे विद्वान हसन बसरी यांच्या बैठकीतून उठून बाजूला जाऊन बसला आणि तिथून मुतझिला म्हणजे 'बाजूला झालेले' हे नाव पडलं. ती कथा नंतरची असू शकते, पण प्रश्न त्याच काळातला.

आता उमय्यदांकडे या. गादी तलवारीने मिळालेली, आणि दरबारी कवी जरीर, फरझदक यांच्या कवितांमध्ये खलिफा म्हणजे अल्लाहनेच नेमलेला. म्हणजे आम्ही बसलो ते त्याच्या मर्जीने, आम्ही जे करतो तेही त्याच्याच मर्जीने. मला यातला सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग करबलानंतरचा वाटतो, ६८० चा. हजरत हुसैन आणि त्यांची माणसं मारली गेली, वाचलेल्या बायका आणि आजारी मुलगा अली झैनुल आबिदीन यांना कैद करून कूफ्यात सुभेदार इब्न झियादसमोर उभं केलं. इतिहासकार तबरीने दिलंय हे. इब्न झियादने नाव विचारलं, उत्तर आलं अली इब्न हुसैन. तो म्हणाला, अली इब्न हुसैनला तर अल्लाहने मारलं ना? झैनुल आबिदीन म्हणाले, माझा अली नावाचा एक भाऊ होता, त्याला लोकांनी मारलं. इब्न झियाद म्हणाला, नाही, अल्लाहने मारलं. तेव्हा त्या तरुणाने आयत म्हटली की मृत्यूच्या वेळी प्राण अल्लाहच घेतो. म्हणजे प्राण कोण घेतो यावर वाद नाहीच, पण भावाला मारलं कुणी याचं उत्तर 'लोकांनी' हेच. यावर इब्न झियाद त्यांनाही मारायला निघाला, आत्या झैनब मध्ये पडल्या म्हणून जीव वाचला. आपल्याकडे मोहरमच्या मजलिशींमध्ये हा प्रसंग अजून सांगतात.

या एका संवादात अख्खा वाद आहे. खुनी म्हणतोय देवाने केलं, ज्याचं माणूस गेलं तो म्हणतोय तुम्ही केलं. इब्न कुतैबाने नोंदवलंय की माबद आणि अता इब्न यसार हसन बसरींकडे जाऊन म्हणाले, हे राजे मुसलमानांचं रक्त सांडतात, माल लुटतात आणि वर म्हणतात की आमची कामं अल्लाहच्या कदरनेच होतात. हसन म्हणाले, अल्लाहचे शत्रू खोटं बोलतात. खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेलं एक लांब पत्रही हसनच्या नावावर आहे, त्यात कुराणाच्या आयती लावून दाखवलंय की पाप माणसाकडून येतं. ते खरंच हसनचं की नंतरच्या कुणाचं यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण हसन ७२८ मध्ये वारले तोपर्यंत बसऱ्यात हा विचार रुजलेला होता हे नक्की.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: माणूस जबाबदार आहे असं म्हटलं की खलिफाही जबाबदार होतो. जीव त्याच्यासाठी गेला.

उंबरठा

बखरवाचक, बाकी पटलं पण शेवटचं वाक्य जरा सरळ रेषेत गेलं. माबद इब्न अल-अशअसच्या बंडात सामील होता, उमय्यदांचा इराकचा सुभेदार हज्जाज याच्या विरुद्ध, त्यामुळे त्याला मारलं ते मत म्हणून की बंडखोर म्हणून हे वेगळं काढता येत नाही. आणि उलट बाजूचं उदाहरण बघा, जहम इब्न सफवान. हा टोकाचा जबरिया, म्हणजे सगळं सक्तीचंच मानणारा, माणूस म्हणजे वाऱ्यावर उडणारं पीस अशा धर्तीचं मत त्याच्या नावावर आहे, आपण 'झाड हललं' म्हणतो तसंच 'माणसाने केलं' हे नुसतं म्हणायचं म्हणून, खरा कर्ता अल्लाहच. उमय्यदांना हा आवडायला हवा होता. पण तो खुरासानात हारिस इब्न सुरैजच्या बंडात होता आणि ७४६ च्या सुमाराला उमय्यदांच्याच अधिकाऱ्याने त्याला मारलं. सगळं दैवाधीन मानणारा माणूसही राजावर उठू शकतो, माणसं इतकी सुसंगत नसतात. गैलानचं मात्र तुमच्यासारखंच वाटतं मला, त्याने उमय्यद खलिफा उमर दुसऱ्याला पत्रं लिहिली होती आणि पुढे खलिफा हिशामच्या काळात मारला गेला.

खाडीकाठ

मी रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. धाग्याचा विषय बघून राहवलं नाही. लहानपणी मकतबमध्ये आम्हाला ईमान-ए-मुफस्सल पाठ करून घ्यायचे, त्यात अल्लाह, फरिश्ते, किताबं, रसूल, आखिरत याच्या जोडीला एक कलम आहे, की तकदीर चांगली असो की वाईट ती अल्लाहकडून आहे. म्हणजे हा वाद झाल्यावर जे उरलं ते आम्ही लहानपणीच तोंडपाठ करतो, मागे एवढं सगळं रामायण झालंय हे कुणी सांगत नाही.

पण एक सांगते, घरात ही तकदीर कधी वापरली जाते ते बघा. मयत झाली, बोट बुडाली, लग्न मोडलं, तेव्हा. 'अल्लाहची मर्जी' म्हणून माणूस उठून कामाला लागतं. पोराने चोरी केली आणि म्हणाला तकदीरमध्ये होतं, तर आमच्याकडे कुणीही ते ऐकून घेणार नाही. आणि हे नुसतं घरगुती शहाणपण नाही, उलेमांनीही असंच म्हटलंय. बुखारीच्या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, हजरत मूसा आदमला म्हणतात तुम्ही आम्हाला जन्नतमधून बाहेर काढलंत, आणि आदम म्हणतात जे माझ्या जन्माच्या आधीच लिहिलं होतं त्याचा ठपका माझ्यावर ठेवता का, आणि वादात आदम जिंकतात. आता हे वाचून कुणीही म्हणेल की झालं, गुन्हेगार सुटला. इब्न तैमियाने याचा अर्थ असा लावला की मूसा पापाबद्दल बोलतच नव्हते, आदमने तौबा केली होती आणि ती कबूल झाली होती, मूसा बोलत होते जी आपत्ती सगळ्यांवर आली तिच्याबद्दल. आपत्तीवर तकदीरचा आधार घ्यायचा, पापाची सबब म्हणून नाही. मला हे फार नेमकं वाटतं.

आणि अजून एक गोष्ट पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा हजरत उमर यांची. ६३९ मध्ये ते शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघालेले, वाटेत सर्ग नावाच्या ठिकाणी कळलं की पुढे प्लेग आहे. परत फिरायचं ठरवलं तर तिथले सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या कदरपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या कदरकडून अल्लाहच्या कदरकडेच पळतोय. मग म्हणाले, तुझे उंट असतील आणि दरीची एक बाजू हिरवी, एक उजाड असेल तर हिरव्या बाजूला चारलेस तरी अल्लाहच्या कदरनेच आणि उजाड बाजूला चारलेस तरी त्याच्याच कदरने ना? अबू उबैदा त्याच साथीत गेले. कोविडच्या वेळी हा किस्सा आमच्या व्हॉट्सअॅपवर खूप फिरला होता, मशिदी बंद ठेवायला लोकांना समजावताना.

तर्कदीप

खाडीकाठ, सुंदर लिहिलंत. पण मला वाटतं मुतझिलांचा प्रश्न याच्या एक पायरी पुढचा आहे, आणि तो मी त्यांच्या बाजूने मांडतो कारण मला ते मनापासून पटतात.

त्यांचा प्रश्न माणसाबद्दल कमी, अल्लाहबद्दल जास्त आहे. ते स्वतःला 'मुतझिला' कमी आणि 'अद्ल आणि तौहीदवाले' जास्त म्हणवायचे. अद्ल म्हणजे न्याय, तौहीद म्हणजे अल्लाहचं एकत्व. पाच तत्त्वं होती त्यांची, त्यातलं अद्ल दुसरं. म्हणणं असं: न्याय काय आणि जुलूम काय हे आपल्याला बुद्धीने कळतं, कुराण यायच्या आधीही कळत होतं, जो कुठलाच ग्रंथ मानत नाही त्यालाही कळतं की निरपराध माणसाला छळणं वाईट आहे. मग जे कृत्य माणसाने केलं तर जुलूम, तेच अल्लाहने केलं तर न्याय कसं होईल? माणसाचं कृत्य अल्लाहच घडवतो आणि वर त्यालाच जहन्नममध्ये टाकतो म्हणालात तर तुम्ही अल्लाहला जालीम म्हणताय, आदराने म्हणताय एवढंच. त्यामुळे माणसाला कृत्य करण्याची ताकद कृत्याच्या आधी दिलेली असते, करायची किंवा न करायची, दोन्हीची, आणि तो निवडतो. त्यांच्यातला नज्जाम तर म्हणाला की अल्लाह जुलूम करूच शकत नाही. बाकीच्यांना हे जड गेलं, ते म्हणाले शक्ती आहे पण तो करणार नाही.

हे लोक नुसतं मोठं मोठं बोलत नव्हते, एकेक केस घेऊन पिंजून काढत होते, आणि मला तेच फार आवडतं. समजा एकाने बाण सोडला. बाण हवेत असताना तो माणूस जागच्या जागी मेला. मग बाण लागून दुसरा मेला. खुनी कोण? मेलेला माणूस कृत्य करू शकतो का? अबुल हुझैल अल्लाफ म्हणाला हो, परिणाम त्याच्या कृत्यातून जन्मला, कृत्य जिवंतपणी झालं, त्यामुळे मेल्यावरही ते त्याचंच. नज्जाम म्हणाला माणसाचं काम फक्त स्वतःच्या शरीराच्या हालचालीपुरतं, पुढचं त्या वस्तूच्या स्वभावाने होतं आणि तो स्वभाव अल्लाहने घातलेला. बिश्र इब्न अल-मुतमिर, बगदादच्या शाखेचा संस्थापक, तो परिणामांची साखळी खूप लांबवर कर्त्याच्या नावावर लावायचा. हा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा वाद आहे आणि आजही कोर्टात कारण आणि परिणाम यावर याच धर्तीचे युक्तिवाद होतात.

किंवा भाकरी घ्या. चोराने भाकरी चोरून खाल्ली. ती त्याचं रिझ्क आहे का, म्हणजे अल्लाहने त्याच्या नशिबी दिलेलं अन्न? मुतझिला म्हणाले मुळीच नाही, अल्लाह कुणाला हराम वाढत नाही, ती दुसऱ्याची भाकरी आहे. विरोधकांचं उत्तरही कच्चं नव्हतं: मग जन्मभर चोरीवर जगलेल्या माणसाला अल्लाहने काहीच दिलं नाही का, आणि कुराण तर म्हणतं पृथ्वीवरच्या प्रत्येक जिवाच्या रिझ्कची जबाबदारी अल्लाहवर आहे. दोन्ही बाजू वाचताना जाणवतं की त्या भाकरीवरून ते अल्लाहच्या चारित्र्याबद्दल बोलत होते.

आणि दुःख. आजारी पडलेलं तान्हं मूल, ओझ्याखाली मरणारं जनावर. मुतझिलांचं उत्तर होतं भरपाई. निरपराध जिवाला अल्लाहने दिलेल्या वेदनेचा मोबदला पुढे मिळालाच पाहिजे, जनावरांनासुद्धा. जनावरांच्या न्यायाची हदीसही आहे मुस्लिमच्या संग्रहात, कयामतच्या दिवशी शिंगं नसलेल्या मेंढीला शिंगवाल्या मेंढीकडून तिचा हक्क मिळवून दिला जाईल.

परसबाग

मध्येच विचारते. तान्ह्या मुलाचं दुःख म्हटलं की आपल्याकडे पूर्वजन्म येतो. ब्रह्मसूत्रात ईश्वरावर पक्षपात आणि क्रूरपणाचा आरोप येतो तिथे उत्तर हेच की तो प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे देतो, म्हणून दोष त्याचा नाही. इस्लाममध्ये कुणाला हा विचार शिवलाच नाही का?

तर्कदीप

परसबाग, शिवला होता! नज्जामच्याच शिष्यांपैकी अहमद इब्न खाबित आणि फजल अल-हदसी यांनी पुनर्जन्म मानला असं पंथांबद्दल लिहिणारे बगदादी आणि शहरिस्तानी दोघेही लिहितात. कारण नेमकं हेच, मुलं आणि जनावरं कुठल्या अपराधाबद्दल भोगतात. बाकीच्या मुतझिलांनी त्यांना झटकून टाकलं, आपले मानायलाही तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, ज्या अपराधाची आठवणच नाही त्याची शिक्षा देऊन कुणाला काय कळणार. तिथून पुढे तो रस्ता इस्लामी कलाममध्ये, म्हणजे धर्मतत्त्वांच्या चर्चेत, बंद झाला आणि मोबदल्याचा रस्ता उरला.

वाटसरू

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मला मुतझिला फारच पटायला लागलेत. मग हरले कसे? मी तर असं वाचलं होतं की त्यांनी सत्ता हातात असताना छळ केला, म्हणून.

उंबरठा

आता मी अशअरींच्या बाजूने लिहितो, कारण त्यांना अंधश्रद्ध ठरवून मोकळं होणं बरोबर नाही.

छळाचं आधी संपवतो. ८३३ मध्ये उमय्यदांनंतरच्या अब्बासी घराण्यातल्या खलिफा मामूनने 'मिहना' म्हणजे चौकशी सुरू केली, पण ती न्यायावर नव्हती, कुराण निर्माण केलेलं आहे की अनादि यावर होती. हदीसचे विद्वान अहमद इब्न हंबल यांनी मान तुकवली नाही, पुढचा खलिफा मुतसिमच्या काळात त्यांना फटके मारले. मुतवक्किल ८४७ मध्ये गादीवर आला आणि त्याने काही वर्षांत हे थांबवलं. त्यानंतर सामान्य लोकांच्या मनात इब्न हंबल हिरो आणि मुतझिला दरबारी लोक. बुद्धीने न्याय कळतो म्हणणाऱ्यांचं नाव फटक्यांशी जोडलं गेलं, हे त्यांना फार महागात पडलं. पण फक्त त्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही.

अबुल हसन अल-अशअरी, जन्म ८७४ च्या आसपास बसऱ्यात. घराणं अबू मूसा अशअरींचं, सिफ्फीननंतर अलींच्या बाजूने जे पंच होते त्यांचं. हा चाळिशीपर्यंत स्वतः मुतझिला, अबू अली जुब्बाईचा शिष्य. मग त्याने त्यांना सोडलं. त्याबद्दल तीन भावांची गोष्ट सांगतात. एक भाऊ नेक जगून मेला, एक काफिर म्हणून मेला, एक लहानपणीच गेला. नेक जन्नतमध्ये, काफिर जहन्नममध्ये, लहानगा वाचला पण त्याला वरचा दर्जा नाही. अशअरीने गुरूला विचारलं, लहानगा म्हणाला की मला जगू दिलं असतंस तर मीही नेकी केली असती, तर? जुब्बाई म्हणाले, अल्लाह सांगेल की मला ठाऊक होतं तू मोठा होऊन पाप करशील, तुझ्या भल्यासाठीच लवकर नेलं. अशअरी म्हणाला, मग जहन्नममधून दुसरा ओरडेल, माझंही तुला ठाऊक होतं ना, मला का लहानपणी नेलं नाहीस? जुब्बाई गप्प.

ही गोष्ट घडली की नंतर रचली हा वेगळा मुद्दा आणि खरं तर अल्लाह प्रत्येकाचं ऐहिक भलंच करतो हे मत बगदादवाल्यांचं होतं, बसऱ्याचे जुब्बाई ते इतक्या टोकाला मानत नव्हते, त्यामुळे बाण थोडा शेजाऱ्याला लागला. पण बाण खरा आहे. मुतझिलांनी अल्लाहच्या प्रत्येक कामाचा हिशेब मांडायला घेतला आणि हिशेब जुळेना. तान्हं मूल गेलेल्या आईला भरपाईचं गणित सांगून बघा. अशअरी म्हणाला हा हिशेब मागण्याचा हक्कच आपल्याला नाही. सूरह अंबियात आहे, तो जे करतो त्याबद्दल त्याला विचारलं जात नाही, त्यांना विचारलं जाईल. जुलूम म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत हात घालणं, आणि सगळंच ज्याचं आहे तो कुणाच्या मालकीत हात घालणार? चांगलं तेच जे त्याने सांगितलं, वाईट तेच जे त्याने मना केलं.

आता कस्ब. सूरह साफ्फातमध्ये इब्राहीम मूर्तिपूजकांना म्हणतात की अल्लाहने तुम्हालाही घडवलं आणि तुम्ही करता त्यालाही. अशअरीने हे शब्दशः घेतलं, माणसाचं प्रत्येक कृत्य अल्लाह निर्माण करतो. मग माणसाचं काय? त्याने सांगितलं, तापाने किंवा लकव्याने हात थरथरतो तो एक प्रकार, आणि तोच हात आपण उचलून पुढे करतो तो दुसरा. फरक प्रत्येकाला आतून कळतो, सिद्ध करावा लागत नाही. दोन्ही हालचाली अल्लाहनेच निर्माण केल्या, पण दुसरीच्या वेळी त्याने माणसात एक ताकदही निर्माण केली, कृत्याच्या आधी नाही, अगदी त्याच क्षणी. त्या ताकदीने ते कृत्य माणसाचं होतं, तो ते 'कमावतो'. शब्द कुराणातलाच आहे आणि त्याच्या आधी दिरार इब्न अमरनेही वापरला होता. जबाबदारी या कमावण्यावर लागते.

समाधान होतं का? पुढच्या विद्वानांचंही झालं नाही, अरबीत एखादी गोष्ट फारच अवघड असेल तर 'अशअरीच्या कस्बपेक्षा सूक्ष्म' म्हणायची पद्धत पडली. मला स्वतःला थरथरणाऱ्या हाताचं निरीक्षण खरं वाटतं आणि त्यावर उभी केलेली इमारत डळमळीत वाटते. पण अशअरी काय वाचवत होता ते बघा: अल्लाहच्या निर्मितीबाहेर काहीही नाही ही गोष्ट. माणूस स्वतःचं कृत्य स्वतः निर्माण करतो म्हटलं की जगात जितकी माणसं तितके निर्माते. म्हणूनच कदरियांना 'या उम्मतचे मजूस' म्हणायचे, म्हणजे अग्निपूजक इराण्यांसारखे दोन कर्ते मानणारे.

खाडीकाठ

याच्यात मातुरिदींना विसरू नका. समरकंदचे अबू मन्सूर मातुरिदी, वारले ९४४ मध्ये. आम्ही कोकणी लोक धर्मकायद्यात शाफई, आमच्याकडचे उलेमा अकीद्यात, म्हणजे श्रद्धेच्या तत्त्वांत, बहुतेक अशअरी, पण महाराष्ट्रातले बाकी बहुतेक सुन्नी हनफी आहेत आणि हनफींचे इमाम मातुरिदी. त्यांनी कृत्य अल्लाहने निर्माण केलं हे ठेवलं पण निवड खरोखर माणसाची आहे असं ठामपणे सांगितलं, आणि काही गोष्टींचं चांगलं-वाईट बुद्धीला कळतं हेही मानलं. झेपेल त्यापलीकडचं अल्लाह कुणावर लादत नाही, आणि तो तसं करू शकतो असं म्हणणंही त्यांना मान्य नाही. अशअरी म्हणत, लादू शकतो. मुंबईतल्या शिया इस्ना अशरी घरात तर मुलांना धर्माची पाच मुळं शिकवतात त्यात दुसरं अद्लच आहे, थेट. इमाम जाफर सादिक यांचं वाक्य ते सांगतात, ना पूर्ण सक्ती ना पूर्ण मोकळीक, दोन्हींच्या मधली गोष्ट.

तर्कदीप

म्हणूनच 'मुतझिला हरले' हे अर्धंच खरं. शियांनी अद्ल ठेवला, आणि यमनच्या झैदी शियांनी तर ग्रंथच जपून ठेवले. काझी अब्दुल जब्बार, रय्यचा मुख्य न्यायाधीश, वारला १०२५ मध्ये. त्याच्या 'मुघनी'चे वीस भाग, त्यातले बरेच १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यमनमधल्या हस्तलिखितांमध्ये सापडले आणि कैरोहून छापले गेले. तोपर्यंत आपण मुतझिलांना मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून ओळखत होतो. न्यायाधीशाने लिहिलेलं असल्यामुळे त्यात जबाबदारीचा विचार फार बारीक आहे, झोपेत किंवा नकळत केलेलं कृत्य, आज्ञा देणारा आणि हात चालवणारा, सगळं.

वाटसरू

सर्वांचे आभार. शेवटचा एक प्रश्न, बखरवाचकांनी करबला आणल्यापासून डोक्यात आहे. प्रत्येकाची मृत्यूची वेळ ठरलेली आहे असं कुराणात येतं ना. मग ज्याचा खून झाला त्याची वेळ भरलीच होती का? भरली होती तर खुन्याने बिघडवलं काय? नव्हती भरली तर खुन्याने अल्लाहचं ठरलेलं मोडलं?

तर्कदीप

या प्रश्नाला त्यांच्यात 'अजल'चा प्रश्न म्हणतात आणि त्यावर मुतझिला आपसातच तीन दिशांना गेले. अबुल हुझैल म्हणाला, मारला नसता तरी त्या क्षणी तो मेलाच असता. बगदादवाले म्हणाले, मारला नसता तर नक्की जगला असता, खुन्याने आयुष्य तोडलं. पहिल्या मतावर एक आक्षेप घेतला गेला, तो ऐका: मग कुणी परवानगीशिवाय दुसऱ्याची मेंढी कापली तर मालकाने त्याचे आभार मानायला हवेत, कारण ती त्याच क्षणी तशीही मरणार होती, कापली म्हणून निदान मांस हलाल झालं. आणि तरी आपण त्याच्याकडून भरपाई घेतो. का घेतो? काझी अब्दुल जब्बारने दोन्ही टोकं सोडली. तो जगलाही असता, मेलाही असता, अल्लाहने दोन्हींपैकी काहीही केलं असतं, आपल्याला कळायला मार्ग नाही. आणि मेंढी कापणाऱ्यालाही नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की मेंढी जिवंत आहे आणि आपली नाही.

उंबरठा

अशअरींचं उत्तर यात सगळ्यात छोटं आहे. खून झालेला माणूस आपल्या अजललाच मेला, एक क्षण पुढे नाही, मागे नाही. खुन्यावर किसास, म्हणजे जिवाला जीव, लागतो तो त्या माणसाचं आयुष्य किती उरलं होतं यावरून नाही, ज्याला मना केलं होतं ते त्याने केलं म्हणून. वारसांनी दियत, म्हणजे खुनाची भरपाई, घ्यायची की माफ करायचं हा त्यांचा हक्कही तसाच राहतो. इतक्या वेगळ्या वाटांनी जाऊनसुद्धा काझीसमोर निकाल एकच लागायचा.